लातूरला किती?

“लातूरला किती धरलंय?”

शेठनी विचारलं आणि समोर बसलेल्या निर्मात्यांचा चेहरा उजळला. साल १९७३. मुंबईत लॅमिंग्टन रोडवरच्या नाझ बिल्डिंगमधली आमच्या चित्रपट-वितरणाच्या पेढीची खोली. दोन टेबलं, एक लोखंडी कपाट, भिंतीला लक्ष्मीची तसबीर, कोपऱ्यात रिळांच्या पत्र्याच्या पेट्या. दाराजवळच्या स्टुलावर मी. नोकरीला लागून तीन आठवडे झाले होते आणि चहा कुणाला साखरेचा, कुणाला बिनसाखरेचा, एवढंच काय ते शिकलो होतो. निर्माते कोल्हापूरहून रात्रीच्या एसटीने आले होते. त्यांचा मराठी चित्रपट निम्मा होऊन पैशापायी अडला होता.

“लातूर ना शेठ? आमचा मागचा पिक्चर तिथं चार आठवडे हलला नव्हता बघा. बैलगाड्यांची रांग लागायची थेटरापुढं.”

शेठनी मान डोलावली, पण पेन काही उचललं नाही. “असेल, असेल. पण लातूर माझं नाही. लातूर निझामात.”

निर्माते हसले. शेठ थट्टा करतायत असं त्यांना वाटलं असावं. निझामाचं राज्य खालसा होऊन पंचवीस वर्षं उलटली होती. पण शेठ थट्टा करत नव्हते. त्या दिवशी मला धंद्याचा पहिला धडा मिळाला. शाळेत शिकलेला महाराष्ट्राचा नकाशा नाझच्या जिन्याखाली ठेवायचा आणि मगच वर यायचं.

पुढची जवळजवळ तीस वर्षं मी त्या इमारतीत काढली. आजकाल गोव्याच्या महोत्सवात ‘फिल्म बाजार’ भरतो, तिथे निर्माते आणि पैसेवाले समोरासमोर बसतात, याचं तरुण मंडळींना फार नवल वाटतं. आमचा बाजार वर्षाचे बारा महिने भरलेला असायचा. खाली थिएटर, आणि त्याच आवारात वितरकांच्या खोल्याच खोल्या. कुणी पडवीत उभ्याउभ्या पंजाब विकायचा, कुणी जिन्यात बंगाल घ्यायचा. दुपारी बारा-एकला गेलात तर निम्मा हिंदी सिनेमा तुम्हाला चहाच्या टपरीवर भेटला असता. पडद्यावर दिसणारा निम्मा नव्हे, दुसरा.

विकायचे ते मुलूख. हिंदी चित्रपटाच्या धंद्याने देशाचे वाटे घातले ते इंग्रजांच्या आणि संस्थानांच्या हद्दी धरून. आम्ही त्यांना टेरिटरी म्हणायचो, नाहीतर सर्किट. बॉम्बे सर्किटमध्ये मुंबई, गुजरात-सौराष्ट्र, पश्चिम महाराष्ट्र आणि धारवाड-हुबळीकडचा कर्नाटक. विदर्भ ‘सी. पी. बेरार’मध्ये, म्हणजे मध्य प्रांत-वऱ्हाडात. त्याची माणसं अमरावती-भुसावळला बसायची. मराठवाडा ‘निझाम’मध्ये, कारभार हैदराबाद-सिकंदराबादेहून. मग दिल्ली-यूपी, पूर्व पंजाब, सेंट्रल इंडिया, राजस्थान, बंगाल-बिहार, म्हैसूर, मद्रास आणि शेवटी ओव्हरसीज. भाषावार राज्यं झाली, गुजरात वेगळा झाला, मध्य प्रांताचं नावही गेलं. आमच्या करारपत्रांवर मात्र सी. पी. बेरार आणि निझाम तसेच राहिले.

पैसा उभा राहायचा तो याच वाट्यांवर. निर्माता नट-नटी, संगीतकार आणि नाव जाहीर करायचा. मग एकेक सर्किटचा वितरक ‘एम. जी.’ म्हणजे मिनिमम गॅरंटी कबूल करायचा. थोडी रक्कम सहीच्या दिवशी, थोडी शूटिंग चालू असताना हप्त्याहप्त्याने, बाकीची प्रिंट हातात पडल्यावर. चित्रपट पडला तर गॅरंटीचे पैसे बुडायचे ते वितरकाचे. चालला तर एम. जी. आणि प्रिंट-पब्लिसिटीचा खर्च वसूल झाल्यावर वर जे उरायचं त्याला ‘ओव्हरफ्लो’ म्हणत आणि त्यात निर्मात्याचा वाटा असे. हे करार घेऊन निर्माता सावकाराकडे जायचा, सावकार हुंडीवर पैसे सोडायचा. महिन्याला शेकडा तीन म्हटलं तरी कुणाची पापणी लवत नसे. तारण काय, तर निगेटिव्ह. लॅबोरेटरी सावकाराला पत्र लिहून द्यायची की तुमची ना-हरकत आल्याखेरीज या निगेटिव्हच्या प्रिंट काढणार नाही. ‘लॅब लेटर’ म्हणायचे त्याला. दोन-दोन वर्षं राबून केलेला चित्रपट एका पत्रापायी डब्यात कुजताना मी पाहिला आहे.

आणि शुक्रवार! बाराचा खेळ सुटला की खोल्याखोल्यांतले फोन वाजायला लागत. १५ ऑगस्ट १९७५ हाही शुक्रवारच होता. ‘शोले’ लागला आणि पहिल्या दिवसांत आमच्या जिन्यात एकच बोली: गेला, पैसे बुडाले. पुढे हाकेच्या अंतरावरच्या मिनर्व्हा थिएटरात तो पाच वर्षं चालला. ज्यांनी “गेला” म्हटलं होतं त्यांनी नंतर “मी पहिल्या दिवशीच सांगितलं होतं” असं सांगायला सुरुवात केली. मीही त्यातलाच.

माझं काम पुढे ‘रिप्रेझेंटेटिव्ह’चं झालं. पेटीबरोबर गावोगाव जायचं, थिएटरात बसायचं, विकलेल्या तिकिटांची अर्धुकं मोजायची आणि रोजचा कलेक्शन रिपोर्ट टपालात टाकायचा. बार्शीला कितीदा गेलो असेन. कुर्डुवाडीला उतरून बार्शी लाइटची छोटी गाडी धरायची. मिरज-पंढरपूरकडून येणारी ही गाडी बार्शीवरून तशीच पुढे लातूरला जायची. ती इतक्या सावकाश जायची की चढणीवर उतरून बिडी ओढून पुन्हा चढता यावं.

एकदा बार्शीतल्या थिएटरात अर्धुकं मोजत बसलो होतो. लातूरकडचे एक थिएटरवाले मुद्दाम येऊन भेटले. त्यांच्याकडे हिंदी चित्रपट पोचायचा तो हैदराबादवाल्यांच्या सवडीने, कधी तीन महिने उशिरा.

“साहेब, तुमचा बार्शीचा आठवडा गुरुवारी संपतोय. पेटी याच गाडीत टाका की. संध्याकाळी माझ्याकडं. पैसे रोख देतो.”

“नाही हो जमायचं.”

“का? गाडी तीच, रूळ तेच.”

“तुम्ही निझामात.”

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी रझाकार होतो. पेटी मी मुंबईला परत नेली. करार मोडला असता तर शेठनी मला काढलं असतं आणि हैदराबादच्या वितरकाने शेठवर दावा लावला असता. सगळं कायद्यात बसत होतं. तरी त्या गृहस्थांचा “रूळ तेच” हा शब्द पुढे कित्येक वर्षं गाडीच्या खडखडाटात ऐकू यायचा.

आता त्या कोल्हापूरच्या निर्मात्यांचा हिशेब मांडून पाहा. हिंदीवाल्याकडे विकायला दहा-बारा वाटे. दोन पडले तरी आठ तारून नेतात. मराठीवाल्याकडे एकच राज्य, आणि तेही धंद्याच्या नकाशावर तीन तुकड्यांत: निम्मं बॉम्बेत, बाकीचं बेरारात आणि निझामात. बॉम्बे सर्किट घेणाऱ्याला मराठी चित्रपटाचा सुरत-राजकोटला काय उपयोग? निझामवाल्याला मराठवाडा चालेल, पण तेलंगणात काय दाखवायचं? प्रत्येक सर्किटमध्ये मराठीला थोडकी गावं, आणि कुणाच्याच गॅरंटीला पुरेशी नाहीत. मराठी चित्रपटाला नाझमध्ये पैसा का मिळत नाही यावर पुष्कळ भाषणं मी ऐकली. विषय चांगले नाहीत म्हणे, तंत्र मागासलेलं म्हणे. शेठच्या वहीत विषयाचा रकाना नव्हताच, गावांचा होता.

म्हणून मराठी माणसाने चित्रपटाला पैसा आणला तो बाजाराबाहेरून, आणि हे अगदी पहिल्यापासून. दादासाहेब फाळक्यांनी विम्याची पॉलिसी गहाण टाकून १९१२ साली लंडन गाठलं, कॅमेरा आणला. पण चित्रपटाला भांडवल हवं तर देणाऱ्याला काहीतरी दाखवायला हवं. त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला, कॅमेरा रोखून ठेवला आणि रोज थोडं थोडं चित्रण करत राहिले. पडद्यावर पाहणाऱ्याच्या डोळ्यांदेखत मातीतून कोंब वर आला, वेल चढली. ते पाहून पैसे देणारे वळले. सरस्वतीबाईंचे दागिने गेले ते वेगळेच. ३ मे १९१३ ला गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ लागला. ते ठिकाण आमच्या नाझपासून पायी जाण्याइतकं जवळ. गोव्यात आज पोरं जे लॅपटॉपवर दाखवतात ना, दोन मिनिटांचं, ‘आमचा चित्रपट असा दिसेल’ म्हणून, त्याचा मूळपुरुष म्हणजे हा वाटाणा.

कोल्हापूरला बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीच्या मागे उभ्या राहिल्या त्या गायिका तानीबाई कागलकर. त्या कंपनीतून बाहेर पडून दामले, फत्तेलाल, धायबर आणि शांताराम यांनी १९२९ साली ‘प्रभात’ काढली तेव्हा पाचवे भागीदार झाले सीतारामपंत कुलकर्णी. धंद्याने सराफ. पैसा देणारा आणि चित्रपट करणारा एकाच पेठेतले, एकमेकांचं घरदार ओळखणारे. तिथे टेरिटरी कुणी विचारली नाही.

दुसऱ्या महायुद्धाने हे मोडलं. काळ्या बाजारातला पैसा सिनेमात शिरला, पगारी नटांचे स्टुडिओ बसले, एकेकटे निर्माते उगवले आणि नटाच्या नावावर वितरकाची आगाऊ रक्कम उचलणं हाच धंदा झाला. सरकारने १९४९ साली चौकशी समिती नेमली. अध्यक्ष होते स. का. पाटील. संयुक्त महाराष्ट्राचे विरोधक म्हणून हे नाव मराठी माणसाला आजही कडू लागतं. पण १९५१ सालच्या त्यांच्या अहवालात एक शहाणी शिफारस होती: सिनेमाला रास्त व्याजाने कर्ज देणारं सरकारी महामंडळ काढा. नऊ वर्षांनी, १९६० साली, फिल्म फायनान्स कॉर्पोरेशन निघालं. त्याच्या कर्जावर १९६९ साली मृणाल सेनांचा ‘भुवन शोम’ झाला आणि नाझच्या बाहेरही सिनेमा होऊ शकतो हे दिसलं. पुढे १९८० साली ते राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात, म्हणजे एनएफडीसीत, विलीन झालं. मराठीसाठी राज्य सरकारने सत्तरच्या दशकात करमणूक कराचा परतावा द्यायला सुरुवात केली. त्यावर पुष्कळांचे संसार तरले.

याशिवाय वर्गणी. ‘मंथन’साठी १९७६ साली गुजरातच्या पाच लाख दूध उत्पादकांनी माणशी दोन रुपये दिले. आपल्याकडे ‘श्वास’ मित्रामित्रांनी पदरमोड करून केला. ‘श्यामची आई’नंतर पन्नास वर्षांनी मराठीला राष्ट्रपतींचं सुवर्णकमळ मिळालं, आणि २००४ साली चित्रपट ऑस्करला पाठवायची वेळ आली तेव्हा शाळेतली मुलंसुद्धा पैसे गोळा करत होती. गणपतीच्या वर्गणीइतकीच ही आपल्या सवयीची गोष्ट. पण वर्गणीवर एक चित्रपट होतो. दरवर्षी पावती-पुस्तक घेऊन फिरता येत नाही.

नाझ ओसरत गेलं ते हळूहळू. ऐंशीच्या दशकात व्हिडिओ कॅसेट आल्या. १९९८ साली केंद्र सरकारने सिनेमाला उद्योगाचा दर्जा दिला, बँका कर्ज देऊ लागल्या. बँकेला हुंडी नको, कागद हवेत. मोठ्या कंपन्या आल्या, त्याच चित्रपट काढणार, त्याच वाटणार. मग प्रिंटही गेली, चित्रपट उपग्रहावरून थेट थिएटरात उतरू लागला. माझी पत्र्याची पेटी मी घरी आणली. बायको तिच्यात गहू ठेवते.

गोव्याला मी गेलो तो पुतणीमुळे. नोव्हेंबर २०१६. पोरगी पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये शिकलेली, पहिल्या चित्रपटाची संहिता घेऊन फिल्म बाजारला निघाली होती. म्हणाली, “काका, तुम्ही आयुष्यभर हेच केलंत. चला, बघा तरी.” नोटाबंदी होऊन दोन आठवडे झाले नव्हते. पणजीत रिक्षावाल्याला द्यायला सुटे नव्हते, आणि मिरामारच्या मॅरियट हॉटेलात, मांडवीच्या मुखाशी, माणसं कोटींच्या गोष्टी करत होती. नाझचे सावकार असते तर त्या महिन्यात त्यांच्या तोंडाला पाणी सुटण्याऐवजी फेस आला असता.

हा बाजार २००७ पासून भरतो, एनएफडीसी भरवते. म्हणजे स. का. पाटलांच्या शिफारशीचंच हे पणतवंड. इफ्फी महोत्सव २००४ पासून गोव्यात स्थिरावला होता, त्याच्या अंगाने हाही वाढला. कल्पना बाहेरची: कान महोत्सवाचा बाजार १९५९ पासूनचा, आणि संहिता अवस्थेतल्या चित्रपटाला देशोदेशीचे भागीदार गाठून देणारा रॉटरडॅमचा सिनेमार्ट १९८३ पासूनचा. इथे निवडलेल्या निर्मात्यांना टेबलं दिलेली. ठरल्या वेळी पैसेवाला किंवा परदेशी निर्माता येतो, बसतो, ऐकतो, वेळ संपली की उठतो. दुसरीकडे अर्धवट झालेले चित्रपट जाणकारांना दाखवून सल्ला घेतात. एका खोलीत ओळीने पडदे, महोत्सवांचे निवडकर्ते कानाला हेडफोन लावून बसलेले. पुतणीला टेबल नव्हतं, नुसता गळ्यातला बिल्ला. ती कॉफीच्या रांगेत माणसं गाठत होती. ते मला ओळखीचं वाटलं. नाझच्या टपरीचीच रीत.

तिची गोष्ट लातूरची. त्याच वर्षी एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे गेली होती, पहिल्या खेपेला दहा वाघिणींत पाच लाख लिटर. तीच माझी बार्शी लाइट, आता रुंद झालेली. एका फ्रेंच बाईंना पुतणी हे सांगत होती आणि बाईंचे डोळे मोठे झाले होते. पाणी रेल्वेने? किती तास? लोक स्टेशनवर आले होते? मग व्यवहार. आमच्याकडच्या निधीतून काही रक्कम मिळू शकेल, पण तिचा काही भाग आमच्या देशात खर्च व्हावा लागेल: आवाजाचं काम तिथे करा, रंगसंस्कार तिथे करा. हप्ते ठरलेले, कागद जाडजूड. मी मनात म्हटलं, हप्ते आमचेही असेच होते. फरक एवढाच की इथे व्याज नाही आणि पहिला प्रश्न गोष्टीचा.

या वाटेने मराठीचं भलं झालं, हे मी नाझचा माणूस असून कबूल करतो. चैतन्य ताम्हाणेंचा ‘कोर्ट’ या बाजारातून गेलेला, २०१४ साली व्हेनिसला दोन मोठी पारितोषिकं घेऊन आला. विवेक गोम्बर त्याचा निर्माता आणि नटही. २०२५ च्या जानेवारीत रोहन कानवडेंच्या ‘साबर बोंडं’ला सनडान्सला ज्युरींचं सर्वोच्च पारितोषिक मिळालं, तो तर भारत, ब्रिटन आणि कॅनडा यांची भागीदारी. शेठच्या वहीत या दोन्ही चित्रपटांना एकही सर्किट मिळालं नसतं.

परतीच्या बसमध्ये पुतणीने विचारलं, “काय वाटलं काका?”

“सगळं छान. पण चार दिवसांत एकानेही विचारलं नाही, लातूरला किती?”

“अहो, गोष्टच लातूरची आहे.”

“गोष्ट लातूरची गं. खेळ कुठला?”

ती गप्प बसली. तिचा तो चित्रपट अजून कागदावरच आहे. फ्रेंच बाईंच्या निधीत तो बसला नाही.

आमच्या शेठना गोष्टीची कदर नव्हती. पण चित्रपट कुणी, कुठल्या गावात, किती पैसे मोजून पाहायचा, याची त्यांना बित्तंबातमी असायची. गोव्याच्या टेबलावर गोष्टीला मान आहे, आणि गाव मात्र तिथे फक्त पडद्यावर असतं, तिकिटाच्या खिडकीवर नसतं. बाहेर पारितोषिक घेतलेला मराठी चित्रपट मराठवाड्यातल्या माणसाला पाहायचा तर बहुतेक वेळा फोनवरच पाहावा लागतो. गोव्याला निघालेल्या पोरांना म्हणून मी एवढंच सांगतो: टेबलावर बसायच्या आधी आपल्या गोष्टीच्या गावातल्या थिएटरवाल्याला एकदा भेटून या, आणि परत आल्यावर पुन्हा भेटा. रूळ तेच आहेत.

आणि नकाशाचं म्हणाल तर मुंबईसह महाराष्ट्र १ मे १९६० ला झाला. हिंदी चित्रपटांच्या कमाईचे सर्किटवार तक्ते आजही निघतात. त्यांत विदर्भ अजून सी. पी. बेरारमध्ये आहे, आणि लातूर निझामात.